लाभ, दोन, तीन

कारभारीमामांनी मोजताना 'एक' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. पेट्या असोत, पोती असोत, पहिल्या नगावर हात ठेवून ते म्हणायचे, "लाभ." मग दोन, तीन, चार. धान्य मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, पण ती खळ्यावरची. चितेगावच्या कारखान्यात, फोर्कलिफ्टच्या भोंग्यात, लोखंडी सुट्या भागांच्या पेटीला लाभ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि पहिल्याच दिवशी त्याच्याशी भांडलो.

मी तेव्हा डिस्पॅचला नवा लागलो होतो. शहरात, औरंगपुऱ्याच्या गल्लीत वाढलेला, खळं फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. ट्रक लागला होता, मामा पेट्या मोजून आत देत होते आणि मी वहीत फुल्या मारत होतो. त्यांनी "लाभ" म्हटलं ते मला देवाचं नाव वाटलं. कामाला हात घालताना कुणी गणपतीचं नाव घेतं, तसं काहीतरी. म्हणून माझी पहिली फुली पडली ती "दोन"ला. शेवटी मामा म्हणाले चाळीस, माझ्या वहीत एकोणचाळीस. मी आवाज चढवला, चारचौघांत त्यांना पुन्हा मोजायला लावलं. ते ट्रकमध्ये चढले आणि कोपऱ्यातल्या पहिल्या पेटीवर थाप मारली.

"मास्तर, ही कोण हाय मग? तुम्ही लाभालाच इसरले."

सगळे हसले. हातात वही असायची म्हणून मी त्या दिवशी मास्तर झालो, तो कायमचाच.

मामा बिडकीनचे. घर मेंढपाळाचं. त्यांच्या वडलांचा मोठा कळप होता, मामांनीही विशी-पंचविशीपर्यंत मेंढरं राखली. मग बिडकीनच्या माळावर तारेची कुंपणं आली, चराई गेली आणि मामा काठी ठेवून स्टोअरच्या खाकी कपड्यात आले. जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडता मोडता एकदा म्हणाले, "मेंढरं इकली, पण मोजायची सवय कुणाच्या गळ्यात घालू? दिस बुडाला की हात शिवशिवतेत."

त्यांच्या मोजणीतली एक गंमत मला त्याच सुट्टीत कळली. पेट्यांच्या बाबतीत पहिली पेटी लाभ. पण जित्राबं आणि माणसं मोजताना लाभ म्हणजे मोजणारा स्वतः. छातीवर हात ठेवून म्हणायचं "लाभ", मग पुढचा दोन. वडील असंच मोजायचे म्हणे.

"का?" मी विचारलं.

"का म्हंजी? आधी राखणारा, मग मेंढरं. राखणाराच जाग्यावर नसल तर मेंढरं मोजून काय उपेग, मास्तर?"

मला ते भारी विनोदी वाटलं होतं.

आमची दरवर्षीची कळसूबाई सुरू झाली ती मामांमुळे. मामींचं माहेर अकोले तालुक्यातलं, त्या डोंगराच्या सावलीतलं, त्यामुळे नवा जावई असल्यापासून मामांना ती वाट पाठ. पाऊस ओसरला की ते देवीला नारळ घेऊन जायचे. एका वर्षी स्टोअरमधले दोघं सोबत गेले, पुढच्या वर्षी सहा, आणि मग तो कारखान्याचा नेमच झाला. आमची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे डोंगर रिकामा मिळायचा. गुरुवारी संध्याकाळी टेम्पो ट्रॅव्हलर निघायची, पहाटे चढाई, आणि माथ्यावर सूर्योदय. राज्यातल्या सगळ्यात उंच जागेवरून सूर्य बघायचा, यासाठी लोक महिनाभर आधी नावं द्यायचे.

गाडी शकीलभाईंची. त्यांना मामांचा कायदा ठाऊक होता. चढण्याआधी मोजणी, लोखंडी शिड्यांपाशी मोजणी, माथ्यावर मोजणी आणि खाली आल्यावर गाडीत बसताना मोजणी. कुणी घाई केली की शकीलभाई किल्ली खिशात घालून म्हणायचे, "मामू की गिनती हुए बगैर चाबी नई लगती, साब." मामा पायरीवर उभे राहून प्रत्येकाच्या खांद्याला हात लावायचे. शेवटचा आकडा मोठ्याने म्हणायचे आणि पुढे जोडायचे, "मोजून नेली, मोजून आणली." मग गाडी हलायची.

माथ्यावर मात्र ते एक चमत्कारिक गोष्ट करत. पूर्व उजळायला लागली की आम्ही सगळे तिकडे तोंड करून उभे राहायचो, मोबाइल वर काढायचो. मामा सूर्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभे. उजेड आमच्या चेहऱ्यांवर यायला लागला की ओठ हलायला लागायचे, मोजणी सुरू. इतक्या वर्षांत त्या डोंगरावरून त्यांनी सूर्योदय असा पाहिलाच नव्हता. मी एकदा म्हटलं, "मामा, एकदा तरी मागं वळून बघा."

"त्याला काय बघायचं? त्यो रोज येतो, कधी कमी भरत नाय. माणसं कमी भरतेत."

हे ते हसत म्हणाले नव्हते. डोंगराच्या बाबतीत मामा कधी थट्टा करत नसत. एका वर्षी माथा समोर दिसत असताना, शेवटच्या शिडीपाशी वारा सुटला म्हणून त्यांनी आम्हाला माघारी फिरवलं होतं. आम्ही वैजापूर येईपर्यंत कुरकुरत होतो. कुणीतरी म्हणालं, दहा मिनिटांचा तर प्रश्न होता. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डोंगराला घाई झालेलं माणूस लई आवडतं."

गेल्या वर्षी कारखान्यात आरोग्य तपासणी झाली. दरवर्षी होते, लोक रक्त देतात, केळं खातात आणि विसरून जातात. आठवड्याने मामा माझ्या टेबलापाशी आले आणि खिशातून चौघडी घातलेला कागद काढून म्हणाले, "मास्तर, वाचा. मला इंग्रजी येत न्हाई म्हणून नाय, डोळ्यावर इस्वास बसंना म्हणून."

मी वाचला. हृदयाच्या आलेखात दोष होता. खाली डॉक्टरांनी हाताने लिहिलं होतं की त्याच आठवड्यात हृदयविकारतज्ज्ञाला दाखवावं, नळी घालून तपासणी करावी. दम लागेल असं काही करू नये, ही ओळ त्यांनी अधोरेखित केली होती.

मामांनी कागद परत घडी केला. "डोंगर करून येतो. मग घालू द्या काय नळी घालायची ती."

"मामा, डोंगर कुठं पळून जातोय?"

"डोंगर नाय, म्या चाललो. पुढच्या साली रिटायर हाय, मग कोण नेतंय? ह्या साली जाऊन येऊ द्या. मामीला बोलू नका. नव्या मॅडमला तर मुळीच नाय, ती मला खालीच बसवील."

दोन दिवस मी भांडलो. मग एका अटीवर कबूल झालो की चढताना मी त्यांच्या जोडीने चालेन, त्यांना सोडणार नाही. तेव्हा वाटलं होतं, माणसाचं मन राखलं. आता वाटतं, मी तो कागद मामींच्या हातात द्यायला हवा होता. मामांनी जन्मभर माझ्याशी अबोला धरला असता तरी चाललं असतं.

नव्या मॅडम म्हणजे अमृता. कर्मचारी विभागात नुकती आलेली, हुशार, कामाला वाघ. सहलीची सगळी सूत्रं तिने हातात घेतली, मोबाइलवर यादी केली, प्रत्येकाचा रक्तगटसुद्धा लिहून घेतला. मामांचा रक्तगट मात्र यादीत नव्हता, कारण मामांचं नावच नव्हतं. नावं द्यायची ती येणाऱ्यांनी. मामा नेणारे होते.

त्या गुरुवारी गाडी बिडकीनला मामांना घ्यायला थांबली. मामी शिदोरीचं गाठोडं घेऊन रस्त्यापर्यंत आल्या. मामा टपावर घोंगडी आणि काठी बांधत होते तेवढ्यात त्या माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, ह्यांच्याकडं ध्यान ठेवा. चार दिस झाले, छातीवर हात ठेवून झोपतेत. इच्यारलं तर म्हणतेत, लाभ मोजतोय."

"मी आहे ना मामी," मी म्हणालो. किती सहज म्हणालो.

पहाटे पायथ्याशी उतरलो तेव्हा वारा अजिबात नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं आणि डोंगर दिसतच नव्हता. धुकं इतकं की टॉर्चच्या उजेडात पुढच्या दोन पायऱ्या दिसायच्या, तिसरी अंदाजाने. सगळ्यांनी सारखेच निळे रेनकोट घातले होते, टोप्या ओढल्या होत्या. मी गाडीमागे शकीलभाईंबरोबर टॉर्च काढत होतो. तिकडून मामांचा आवाज येत होता, आणि शेवटी नेहमीसारखा मोठा आकडा ऐकू आला, "चौदा." अमृता शेजारी उभी राहून मोबाइलवर खुणा करत होती.

एरवी मामा चढताना अखंड बोलायचे. कुठल्या दगडाखाली पाणी, कुठल्या झाडाची साल कशाला, सासऱ्यांनी कुठे झोपवलं होतं आणि कुठे बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी ते बोलले नाहीत. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. पहिल्या शिडीनंतर ते म्हणाले, "पोरींना दम लागला आसंल, थांबू जरा." पोरी पुढे गप्पा मारत उभ्या होत्या. दुसऱ्या थांब्याला त्यांनी घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. टॉर्चच्या उजेडात त्यांच्या कपाळावर घाम दिसला. त्या थंडीत आम्हाला हात चोळावे लागत होते.

"मामा, इथंच बसू आपण दोघं."

"गफलत करू नका मास्तर. माणसं पुढं गेलीत."

त्याच वेळी वरून हाका आल्या. पॅकिंगच्या शोभाताई शिडीच्या मध्यावर अडकल्या होत्या. ओली लोखंडी पायरी, खाली धुकं, वर धुकं. त्यांनी कठडा असा धरला होता की बोटं सोडवेनात. मागचे सगळे खोळंबले. मी मामांकडे बघितलं.

"जावा," ते म्हणाले. "बाई भेली हाय. तिला घेऊन वर व्हा. म्या आलोच."

मी गेलो. शोभाताईंच्या मागे एकेक पायरी चढत, त्यांना बोलण्यात गुंतवत, ती शिडी पार केली. मग माथ्याखालच्या विहिरीपाशी जरा टेकलो, आणि मग शेवटची शिडी. मागे वळून पाहिलं तर निळ्या टोप्या येताना दिसत होत्या. त्यातली एखादी मामांची असेल असं मी धरून चाललो. खरं म्हणजे मामांनी रेनकोट घेतलाच नव्हता. त्यांच्या अंगावर घोंगडी होती, आणि हे मला ठाऊक होतं.

माथ्यावर पोचलो तेव्हा देवळाचा कळससुद्धा धुक्यात होता. सगळे हिरमुसले, आता काय दिसणार म्हणून. आणि मग एकाएकी, पडदा सरकवावा तसं धुकं खाली बसलं. पायाखाली पांढरा समुद्र, त्यातून लांबच्या किल्ल्यांची टोकं वर आलेली, आणि पूर्वेला तांबडी रेघ. लोक ओरडले. शोभाताई रडत हसत होत्या. सूर्याची कड वर आली, मग अर्धा, मग सगळा. मी इतक्या वेळा तिथे गेलो होतो, पण असा सूर्योदय कधी पाहिला नव्हता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. त्या दहा-पंधरा मिनिटांत मला कारभारीमामांची आठवण झाली नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मग काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी कळेना काय. मग कळलं की आमच्या समोर, सूर्याच्या बाजूला, पाठ करून उभं कुणी नाही.

"अमृता, मोजले का सगळे?"

"हो, केव्हाच. तेरा. पूर्ण."

"तेरा? मामा खाली चौदा म्हणाले होते."

ती हसली. "अहो, त्यांची मोजणी एकाने जास्तच येते. सुरुवातीला ते छातीला हात लावून देवाचं काहीतरी म्हणतात ना, लाभ की काय, आणि मग एकदम दोनवर जातात. त्यांचे चौदा म्हणजे आपले तेरा. माझ्या यादीतही तेराच आहेत."

ट्रकमधली ती पहिली पेटी डोळ्यांपुढे आली आणि तिच्यावर पडलेली थाप कानात वाजली. तुम्ही लाभालाच इसरले.

शेवटची शिडी मी कशी उतरलो ते मला सांगता येणार नाही. मामा विहिरीपाशी होते. म्हणजे आमच्यामागून तेवढं ते चढले होते, एकटे, आणि तिथे त्यांना बसावं लागलं होतं. कठड्याला पाठ लावून, काठी आडवी मांडीवर घेऊन ते बसले होते. धुकं तिथूनही सरलं होतं आणि ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं होतं. डोळे उघडे होते. त्यांचं तोंड पूर्वेकडे होतं. उजवा हात छातीवर होता, मोजणी सुरू करताना ठेवायचे तसाच.

मी हाका मारल्या, छाती दाबली, तोंडावर पाणी मारलं. अमृताने धावत येऊन शिकल्याप्रमाणे सगळं केलं, मी थांबलो तरी ती थांबेना. हात गार पडले होते. वर माथ्यावरून अजून लोकांच्या हसण्याचे आवाज येत होते.

पायथ्याच्या गावातली माणसं बांबू घेऊन आली. मामांच्याच घोंगडीची झोळी केली. ज्या शिड्यांवर ते दरवर्षी आमचे खांदे मोजायचे, त्याच शिड्यांवरून आठ माणसांनी त्यांना तोल सांभाळत खाली आणलं. अमृता सबंध वाट रडत म्हणत होती, माझी चूक झाली, माझी चूक झाली. मी तिला सांगितलं आणि इथेही लिहून ठेवतो. चूक तिची नव्हती. तिला लाभ ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. मला कागदातली अधोरेखित ओळही ठाऊक होती.

सरकारी दवाखान्यातले सोपस्कार दुपारी संपले. मामांना ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं, घोंगडी वरून पांघरली. आमची गाडी मागे उभी होती. सगळे आपापल्या जागी जाऊन बसले, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ॲम्ब्युलन्सवाला निघायची घाई करत होता. शकीलभाई स्टिअरिंगवर बसले होते, पण गाडी सुरू होत नव्हती. मी खिडकीशी गेलो. त्यांचे डोळे लाल होते आणि किल्ली मुठीत होती.

"गिनती नई हुई, साब," ते म्हणाले.

मी ॲम्ब्युलन्सचं दार पुन्हा उघडायला लावलं. आत वाकून घोंगडीवर, छातीच्या जागी, हात ठेवला.

"लाभ," मी म्हणालो.

मग मागच्या गाडीच्या पायरीवर चढलो आणि माझ्या स्वतःच्या खांद्याला हात लावून म्हणालो, "दोन." अमृता तीन. शोभाताई चार. एकेक खांदा पुढे येत होता. दहानंतर मी नुसताच हात लावत गेलो, तेव्हा ज्याचा त्याने आपला आकडा म्हटला. शेवटच्या बाकावरून "चौदा" आला.

मोजून नेली, मोजून आणली, हे कुणी बोललं नाही. शकीलभाईंनी किल्ली लावली आणि आम्ही ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग बिडकीनच्या रस्त्याला लागलो.